खोळीतला डबल बास

साउथहॅम्प्टनच्या एका सभागृहात मी एका ऐंशी वर्षांच्या बाईंचं वादन नुसतं बोलून बोलून बंद पाडलं. परत आल्यापासून सांगलीत सगळे विचारतात, इंग्लंडात काय काय पाहिलं? मी बोटी, हिरवळ, थंडी असं काहीतरी सांगून वेळ मारून नेतो. पण माझा तिकडचा खरा प्रवास या चुकीपासून सुरू झाला आणि ती निस्तरेपर्यंत चालला, म्हणून लिहिताना तिथूनच सुरुवात करतो.

मी कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवतो आणि गेली बरीच वर्षं गावातल्या सत्कार समारंभांचं निवेदन करतो. निवृत्त मुख्याध्यापक, पदक मिळवलेला पैलवान, तालुक्यातल्या पहिल्या महिला बसचालक, सगळ्यांची ओळख मी करून दिली आहे. माझा एक साचा आहे. आधी हलाखी, मग अपमान, मग जिद्द, मग टाळ्या. हलाखीपाशी माझा आवाज आपोआप खाली येतो. पुढच्या रांगेतल्या बायका पदर डोळ्यांना लावतात. कार्यक्रम संपला की आयोजक म्हणतात, "सर, रडवलंत!" आणि मला ती पावती वाटते.

रविवार, साउथहॅम्प्टन

माझी धाकटी बहीण वृंदा तिथल्या इस्पितळात डॉक्टर आहे. एकाला एक चिकटलेल्या विटांच्या घरांच्या रांगेत तिचं घर आहे. वरच्या खोलीच्या खिडकीतून कधी कधी दोन छपरांच्या मधून एखादी पांढरी अपार्टमेंट हळूहळू सरकताना दिसते. ती प्रवासी बोट असते. पहिल्या दिवशी मी घाबरून वृंदाला हाक मारली होती.

शेजारच्या घरात मिस एस्मी राहतात. वय झालं तरी सगळी गल्ली त्यांना मिसच म्हणते. आपण सुमनताई, कुसुमताई म्हणतो तसं ते त्यांच्या वेस्ट इंडीजकडचं आदराचं बोलणं. लहानपणी आईवडिलांबरोबर त्या इथे आल्या. पुढे या बंदरातून सुटणाऱ्या एका बोटीवरच्या बँडमध्ये डबल बास वाजवू लागल्या. डबल बास म्हणजे माणसापेक्षा उंच व्हायोलिन समजा. जमिनीवर उभं करून, मिठी मारल्यासारखं धरून वाजवायचं. त्या बँडमधली पहिली बाई त्या, आणि पहिली काळी वादकही त्याच. वृंदाची मुलगी अन्वी शाळेत असल्यापासून त्यांच्याकडे शिकते. आता ती कौन्सिलमध्ये, म्हणजे इथल्या नगरपालिकेत नोकरी करते, पण तिची संध्याकाळ अजून शेजारच्या घरातच जाते.

"दादा, रविवारी इथल्या मराठी मंडळात मिस एस्मींचा सत्कार आहे," वृंदा म्हणाली. "इंट्रोडक्शन तू कर ना. सांगली गाजवतोस, आमचं मंडळ पण गाजव."

मी सुखावलो. चहा पिता पिता मी तिला प्रश्न विचारले. वडील काय करायचे? घरात किती माणसं? बोटीवर आधी कोणतं काम? अपमान कुठे झाला? मिस एस्मी वाजवतात कसं, हे मात्र मी विचारलं नाही. मला त्याची गरजच वाटली नाही. माझ्या साच्यात त्याला जागा नव्हती.

कार्यक्रम एका चर्चच्या हॉलमध्ये होता. समई होती, पण तिच्यातल्या ज्योती बॅटरीच्या होत्या. खऱ्या ज्योतीनं हॉलचा अलार्म वाजला असता. रांगोळी कागदावर काढून जमिनीवर अंथरलेली. बाजूच्या किचनमधून पुरीभाजीचा वास येत होता. मिस एस्मी जांभळा ड्रेस आणि टोपी घालून स्टेजवर ताठ बसल्या होत्या. डबल बासची खोळ काढून त्यांनी तो शेजारी आडवा ठेवला होता आणि मांडीवर गरम पाण्याची रबरी पिशवी घेऊन दोन्ही हात तिच्याखाली धरले होते. मला वाटलं, म्हातारपण, थंडी वाजत असेल.

माझ्या वाट्याला दहा मिनिटं होती. मी कदाचित वीस घेतली. बोटीवरचे संडास धुणारी कोवळी मुलगी मी उभी केली. मागच्या दारानं ये म्हणून तिला दटावणारा अधिकारी उभा केला. हॉल चिडीचूप. मग रडण्याचे आवाज. मग लहान मुलांचा नाच, मग अध्यक्षांचं भाषण, मग प्रायोजकांचं. तेवढ्यात हॉलचा केअरटेकर दारात येऊन किल्ल्या वाजवायला लागला. जेवण व्हायचं होतं, खुर्च्या आवरायच्या होत्या. अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी माईकवर अगदी सराईतपणे म्हणालो, "वेळेअभावी आपण वादनाचा कार्यक्रम पुन्हा कधीतरी ठेवू. आता शाल, श्रीफळ आणि ग्रुप फोटो."

मिस एस्मींनी शाल घेतली, नारळ घेतला, फोटोला हसल्या. लोक पानं घेऊन बसत होते तेव्हा त्या आणि अन्वी मिळून डबल बास दाराबाहेर नेत होत्या. मी पुरी वाढून घेत होतो.

सोमवार

सकाळी मी खाली आलो तर अन्वी टोस्ट पुढ्यात घेऊन नुसतीच बसली होती.

"मामा, मिस एस्मी शनिवारी वाजवणार नाही."

शनिवारचं मला ठाऊक होतं. धक्क्याजवळच्या जुन्या हॉलमधल्या संगीताच्या खोलीला त्यांचं नाव दिलं जाणार होतं. त्यांचे जुने साथीदार लांबलांबून येणार होते. त्या आणि अन्वी दोघी मिळून वाजवणार होत्या.

"का? रागावल्या का?"

"रागावला नाही ती. थकली." अन्वीचं मराठी असंच आहे, कर्त्याचं आणि क्रियापदाचं तिथे जमत नाही. "तिचा बोटं आखडतात, मामा. आर्थ्रायटिस. रविवारसाठी तिने थ्री वीक्स रोज थोडं थोडं प्रॅक्टिस केलं. ती गरम पिशवी होती ना? बोटं गरम ठेवायला. तुम्ही बोलत होते आणि ती गार होत होती. मी दोनदा तुम्हाला हात केला."

केला होता. मला वाटलं, रंगतंय म्हणतेय.

"मी तिला ट्रान्सलेट करत होते. ती मला विचारते, हे सगळे का रडतायत? कोण मेला? मी म्हटलं, दे आर क्रायिंग फॉर यू. ती म्हणाली, बट आय हॅवन्ट प्लेड यट."

वृंदा ओट्याशी आमच्याकडे पाठ करून उभी होती.

मी लगेच शेजारी जायला निघालो. अन्वी म्हणाली, "आत्ता नको. शी इज नॉट ओपनिंग द डोअर टू स्पीचेस." दुपारी मी एकटा गेलोच. बेल वाजवली. आत रेडिओ चालू होता, तो बंद झाला. दार उघडलं नाही. शेजारच्या खिडकीतला पडदा हलला आणि एक मांजर माझ्याकडे पाहत बसलं. मी बराच वेळ तिथे उभा होतो, हातात वृंदाकडच्या चिवड्याचा डबा घेऊन.

मंगळवार आणि बुधवार, इल्फर्ड

लंडनमधल्या इल्फर्डला जायचं आधीच ठरलेलं होतं. माझा कॉलेजमधला मित्र शिरीष तिथे राहतो. गाडीच्या खिडकीतून शेतं, घोडे, मेंढ्या दिसत होत्या आणि मी मनातल्या मनात इंग्रजीत माफीचं भाषण रचत होतो. त्यातही माझं बालपण येत होतं, माझी आई येत होती. गाडी लंडनला पोचेपर्यंत त्या भाषणात हलाखीसुद्धा आली. मलाच माझी भीती वाटली.

इल्फर्डच्या रस्त्यावर उतरल्यावर क्षणभर घरी आल्यासारखं वाटलं. साड्यांची दुकानं, कारल्यांचे ढीग, जिलबीचं तेल. शिरीषनं मला एका दुकानात डोसा खाऊ घातला. मी सगळं सांगितलं. तो आधी पोट धरून हसला.

"सुध्या, तू इथे येऊन पण एकीचं वेळेअभावी केलंस?"

"हसू नको रे. एक चांगली शाल कुठे मिळेल?"

"अजून एक शाल? अरे, पहिलीचं काय करायचं हेच त्या बाईला कळलं नसेल. हसतोय म्हणून रागावू नको, पण शाल पांघरून तू तिला गप्प बसवलंयस. आता दुसरी कशाला?"

मी डोसा तसाच ठेवला. शिरीष मग हसला नाही.

बुधवारी सकाळी मंडळाच्या ग्रुपवर कार्यक्रमाचा व्हिडिओ आला. खाली शेरे: अप्रतिम निवेदन, डोळे पाणावले, सर सांगलीहून आलेत का? एरवी मी ते दहा वेळा वाचले असते. शिरीषच्या सोफ्यावर बसून मी व्हिडिओ लावला. मधोमध मी. माझ्या डाव्या खांद्यामागे मिस एस्मी. मी संडासांविषयी बोलत होतो आणि त्यांची डाव्या हाताची बोटं मांडीवर हलत होती. एकेक बोट दाबायचं, उचलायचं. त्या मनातल्या मनात वाजवत होत्या. थोड्या वेळानं त्यांनी गरम पिशवीला गालाशी लावून पाहिलं आणि ती खाली ठेवली. मग त्या वाकल्या, आणि माझं 'पण ती खचली नाही' हे टाळ्यांचं वाक्य चालू असताना मागे चेनचा लांब आवाज आला. त्या डबल बासला खोळ घालत होत्या.

म्हणजे केअरटेकर किल्ल्या घेऊन यायच्या कितीतरी आधी त्यांना कळून चुकलं होतं. मला वेळेअभावी म्हणायचीसुद्धा गरज नव्हती.

मी त्याच दुपारची गाडी धरली. शिरीषच्या बायकोनं थेपले बांधून दिले. ते मी गाडीत बरोबर घेतले आणि उतरताना रॅकवरच विसरलो.

गुरुवार, साउथहॅम्प्टन

या वेळी अन्वी बरोबर होती, म्हणून दार उघडलं. मिस एस्मी दाराइतक्या उंच वाटल्या.

"मिस्टर मामा," त्या म्हणाल्या. अन्वी मला मामा म्हणते, म्हणून तेच माझं नाव असं त्या धरून चालल्या होत्या. मी ते दुरुस्त केलं नाही.

मी लगेच सुरू केलं. मॅडम, मी तुमचा अपराधी आहे, माझ्या देशात अशी पद्धत आहे की...

"तू पुन्हा तेच करतोयस," त्या म्हणाल्या. "आत ये. आधी जेव."

त्यांच्या बैठकीच्या खोलीत गालिचा होता आणि खिडकीपाशी त्या गालिच्याचा ताटाएवढा गोल कापून काढलेला. खालच्या लाकडी फळीवर बारीक भोकंच भोकं होती. मला वाटलं वाळवी. अन्वी म्हणाली, "डबल बासच्या खाली लोखंडी खुंट असतो ना, त्याची आहेत. इथे उभं राहून ती वाजवते. लहान भोकं आहेत ना, साइडची, ती माझी." मी खाली वाकून पाहिलं. फळी चाळणीसारखी झाली होती.

जेवायला नारळाच्या दुधात शिजवलेला भात होता, त्यात राजमा. चव ओळखीची आणि तरीही वेगळी, थोडी मिरचीची, थोडी कसल्या तरी पाल्याची.

"तुझा नारळ चांगला निघाला," मिस एस्मी म्हणाल्या.

मी थबकलो. सांगलीत सत्काराचा नारळ कुणी खात नाही. तो देव्हाऱ्यापुढे पडून राहतो, मग दुसऱ्या कुणाच्या तरी सत्काराला जातो. एकदा मला तोच नारळ परत मिळाला होता, कुंकवाच्या खुणेवरून मी ओळखला. हे मी सांगितल्यावर त्या पहिल्यांदा हसल्या, टेबल हलेल असं.

मग त्यांनी हात पुसले. "आता ऐक. बोटीवरचे संडास मी एक वर्ष धुतले. डबल बास चाळीस वर्षं वाजवला. तू संडासाला वीस मिनिटं दिलीस."



"मी खोटं नव्हतो बोललो," मी पुटपुटलो.

"खोटं कोण म्हणतंय? सगळं खरंय. मागचं दार खरंय. पहिला महिना त्यांनी मला पडद्याच्या आड उभं केलं, तेही खरंय. पण माझी गंमत पडद्यात नाही, मिस्टर मामा. डबल बासला माणसं कानानं ऐकतच नाहीत. पायानं ऐकतात. एकदा भर समुद्रात वादळ होतं. बोट इकडून तिकडे. पियानोवाला ओकायला गेला, ट्रम्पेटवाला पळाला. मी खुंट फळीत रुतवला आणि नुसता ठेका धरून ठेवला. तासभर लोक नाचत राहिले. बसले असते तर घाबरले असते. दुसऱ्या रात्री कॅप्टन म्हणाला, पडदा काढा." त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "हे तू कुणाला सांगितलंस?"

"मला माहीत नव्हतं."

"विचारलंस?"

मी नाही म्हणून मान हलवली. मग, जे काय इंग्रजी शिल्लक होतं त्यात म्हणालो, "मिस एस्मी, मला माफ..."

त्यांनी हात वर केला. बोटांचे सांधे गाठींसारखे सुजले होते.

"इथे नको. तू ते माझ्या स्वयंपाकघरात केलंस का? सगळ्यांसमोर केलंस. माफी इथे भाताबरोबर मागायला सोपी आहे."

"शनिवारी वाजवाल का?"

"शनिवारी मी येईन. डबल बासही येईल. त्याची खोळ निघेल की नाही ते मी आत्ता सांगत नाही." मग त्या अन्वीकडे वळल्या. "आणि तू रडू नकोस, डार्लिंग. तू एकटी वाजवू शकतेस. फक्त घाई करत जाऊ नको."

बाहेर आल्यावर अन्वी म्हणाली, "मला एकटीला नको वाजवायचं, मामा. नंतर कधी तिचा बोटं चालणार आहेत?" तिला मी लहानपणापासून फोनवर पाहत आलोय. ती माझ्यापासून तोंड फिरवून उभी आहे असं त्या दिवशी पहिल्यांदा झालं.

संध्याकाळी मी मंडळाच्या अध्यक्षांना फोन केला. शनिवारी धक्क्यावरच्या हॉलला मंडळाच्या लोकांना घेऊन याल का, असं विचारलं.

"अहो सर, सत्कार झाला की आपला! पुन्हा कशाला?"

"सत्कार झाला. ऐकायचं राहिलंय," मी म्हणालो. पलीकडे त्यांनी कुणाला तरी शनिवारचं विचारलं. मग म्हणाले, "ग्रुपवर टाकतो."

शनिवार

रात्री मला नीट झोप लागली नाही. सकाळी चहा पुढे करत वृंदा म्हणाली, "दादा, दहा हजार लोकांसमोर बोललायस तू." मी म्हटलं, "त्या वेळी मला काही म्हणायचं नसायचं."

हॉल जुना होता, मागच्या खिडक्यांतून क्रेन दिसत होत्या. म्हातारे वादक एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते. टेबलांवर आल्याचा केक, तळलेले मासे. मंडळाची माणसंही आली होती, मागच्या दोन रांगांत, थोडी अवघडून. अध्यक्षांच्या सौभाग्यवतींनी पुरणपोळ्यांचा डबा आणला होता आणि तो कुणाकडे द्यावा हे त्यांना कळत नव्हतं. एका टोपीवाल्या आजींनी तो घेतला, झाकण उघडून वास घेतला आणि सरळ एक तुकडा तोडला.

मिस एस्मी पुढे बसल्या होत्या. डबल बास काळ्या खोळीत, चेन वरपर्यंत लावलेली. अन्वीचा डबल बास त्याच्या शेजारी, उघडा.

"मामा, किटली," अन्वी म्हणाली. त्या दिवशी सकाळपासून ती माझ्याशी बोललेले एवढेच दोन शब्द. मी मागे किचनमध्ये जाऊन पाणी उकळलं, रबरी पिशवी भरली, माझ्याच बोटांवर सांडून घेतलं. पिशवी मिस एस्मींच्या मांडीवर ठेवली. त्यांनी दोन्ही हात तिच्याखाली सरकवले.

"ही गार व्हायच्या आत," त्या म्हणाल्या.

त्यांनीच आयोजकांना सांगून मला आधी बोलावलं होतं. मी उभा राहिलो. समोर दोन्हीकडची माणसं. माझा आवाज आपोआप खाली यायला लागला, त्या हलाखीच्या ठिकाणी येतो तसा. मी थांबलो, खाकरलो, आणि साध्या आवाजात इंग्रजीत म्हणालो, "गेल्या रविवारी मी मिस एस्मींविषयी खूप बोललो. मी त्यांना कधी वाजवताना ऐकलं नव्हतं. आणि त्या दिवशी मी कुणालाच ऐकू दिलं नाही."

मागच्या रांगेत कुणीतरी खुर्ची सरकवली. अध्यक्ष जमिनीकडे पाहत होते. पुढचं वाक्य माझं तयार होतं, वादळाचं, पडद्याचं, टाळ्यांचं. तेवढ्यात माझ्या मागे चेनचा लांब आवाज आला.

मी श्रोत्यांकडे पाठ केली. निवेदकानं असं कधी करायचं नसतं. पिशवी त्यांनी बाजूला ठेवली होती, आणि खोळ जमिनीवर पडली होती.

इंग्रजी सगळं संपलं होतं. मी मराठीत म्हणालो, "मिस एस्मी, माझं चुकलं. मला माफ करा."

अन्वीनं भाषांतर केलं नाही, मिस एस्मींनीही तिला अर्थ विचारला नाही. मी खाली जाऊन बसलो.